हस्तचालित लेथ यंत्रास बॉलस्क्रू बसविण्याचा प्रश्न : एक यांत्रिक विवेचन

बीजशब्द : लेथ, क्रॉस स्लाइड, बॉलस्क्रू, बॅकलॅश, स्वयंरोधी आटे, घर्षण

प्रस्तावना :

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या काळात नाशिक परिसरात सातपूर, अंबड, सिन्नर अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ओझर येथे मिग विमानांचा कारखाना आला, सातपूरला मायको म्हणजे आजची बॉश आली, वाहननिर्मिती आणि विद्युत उपकरणांचे मोठे कारखाने आले. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग बनवून देणाऱ्या लहान यंत्रशाळांचे जाळे विणले गेले. या यंत्रशाळांमध्ये आज संगणक-नियंत्रित म्हणजे सीएनसी यंत्रे सर्रास दिसतात. परंतु त्यांच्याच शेजारी, बहुधा भिंतीकडेला, एखादा जुना हस्तचालित लेथ अजूनही उभा असतो. हरिहर येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचा, १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एचएमटीचा, किंवा राजकोट, बटाला, लुधियाना येथील लहान कारखान्यांतून आलेला. दुरुस्तीचे काम, एकच नग बनविण्याचे काम, तातडीचे काम या लेथवरच होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या कार्यशाळांत तर विद्यार्थ्याची धातुकामाशी पहिली ओळख याच यंत्रावर होते.

असा लेथ जुना झाला की त्याच्या स्लाइडची मूठ दोन्ही बाजूंना सैल फिरू लागते. मूठ चौथाई फेरा फिरते तरी हत्यार जागचे हलत नाही. यावर उपाय म्हणून ‘आत बॉलस्क्रू टाकून घ्या, सीएनसीसारखा चालेल’ असा सल्ला दिला जातो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पविषयांतही ही कल्पना अधूनमधून मांडली जाते, आणि तिला मान्यता द्यावी की नाही हे ठरविण्याची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकावर येते. सल्ला वरवर पाहता बिनतोड आहे. बॉलस्क्रू अधिक अचूक, अधिक हलका आणि अधिक टिकाऊ, हे तिन्ही मुद्दे खरेच आहेत. तरीही हाताने चालणाऱ्या यंत्रात तो तसाच बसविला तर यंत्राचा एक गुण निघून जातो; आणि तो गुण इतका मुका आहे की जाईपर्यंत तो होता हेच लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात या गुणाचे स्वरूप, त्यामागील गणित आणि प्रत्यक्ष बसवणीतील अडचणी यांचे विवेचन केले आहे.

आटा म्हणजे गुंडाळलेला उतार :

अभियांत्रिकीबाहेरील वाचकांसाठी आधी थोडी ओळख आवश्यक आहे. लेथवर काम म्हणजे जॉब चकमध्ये पकडून फिरविला जातो आणि स्थिर हत्यार त्याला भिडविले जाते. हत्याराला दोन दिशांनी सरकावे लागते. जॉबच्या लांबीच्या दिशेने कॅरेज सरकते आणि तिच्यावर आडव्या दिशेने क्रॉस स्लाइड सरकते. जॉबचा व्यास किती राहील हे क्रॉस स्लाइड ठरविते, म्हणून मापाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. क्रॉस स्लाइडच्या पोटात एक लांब स्क्रू असतो. मूठ फिरविली की स्क्रू फिरतो, आणि स्लाइडला जोडलेला ब्राँझचा किंवा गनमेटलचा नट त्यावरून पुढे-मागे जातो. स्क्रूच्या एका फेऱ्यात नट जितका सरकतो त्याला लीड म्हणतात. लीड ४ मि.मी. असेल आणि मुठीजवळच्या डायलवर ८० रेघा असतील, तर एका रेघेला ०.०५ मि.मी. सरक मिळते.

कोणताही आटा हा दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार असतो. नट या उतारावर चढतो किंवा उतरतो. जुन्या लेथमध्ये हा उतार चौकोनी किंवा समलंब आट्यांचा असतो आणि नट त्यावर अंगाला अंग घासत सरकतो. बॉलस्क्रूमध्ये आट्यांच्या जागी अर्धगोलाकार खाच असते आणि नटमध्येही तशीच खाच असते. दोहोंच्या मध्ये पोलादी छर्रे भरलेले असतात. स्क्रू फिरला की छर्रे गडगडत पुढे जातात, नटच्या टोकाशी पोहोचले की एका वळणनळीतून पुन्हा सुरुवातीच्या जागी येतात आणि हे चक्र अखंड चालू राहते. घासण्याऐवजी गडगडणे, एवढाच काय तो फरक. परंतु पुढचे सर्व परिणाम याच एका फरकातून निघतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १८९८ मध्येच अशा रचनेची पेटंटे दिली गेली होती. तिचा मोठ्या प्रमाणावर वापर मात्र मोटारींमुळे झाला. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने फिरत्या छर्ऱ्यांचे स्टिअरिंग तयार केले आणि १९४० च्या सुमारास ते कॅडिलॅक गाड्यांत आले. मुंबई-आग्रा मार्गावर धावणाऱ्या असंख्य मालमोटारींत आजही याच तत्त्वाचे स्टिअरिंग असते. यंत्रांच्या क्षेत्रात १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे अंकनियंत्रण पसरत गेले तसा बॉलस्क्रू त्याचा अविभाज्य घटक बनला.

मालमोटारीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. वळण संपले की चालक स्टिअरिंगवरील पकड सैल करतो आणि चाके आपोआप सरळ होऊ लागतात. याचा अर्थ असा की, स्टिअरिंगने चाके फिरतात त्याचप्रमाणे चाकांनीही स्टिअरिंग फिरते. छर्ऱ्यांच्या स्क्रूमध्ये बल दोन्ही दिशांनी वाहते. मोटारीत हा गुण हवाच असतो. लेथच्या मुठीत तो आला की मात्र पंचाईत होते.

स्वयंरोधाचे गणित :

लाकडी कण्याची जुनी बैलगाडी सौम्य उतारावर उभी केली तर बहुधा जागेवर थांबे. तीच गाडी रबरी टायर आणि बेअरिंगवर आली की चाकाखाली दगड लावल्याशिवाय बैल सोडता येत नाहीत. उतार तोच आहे, घर्षण मात्र गेले. आट्याचेही नेमके असेच आहे. आट्याचा चढकोन घर्षणकोनापेक्षा लहान असेल तर नटला कितीही ढकलले तरी स्क्रू फिरत नाही. अशा आट्यास स्वयंरोधी म्हणतात.

लेथवर आढळणाऱ्या २० मि.मी. व्यासाच्या आणि ४ मि.मी. लीडच्या समलंब स्क्रूचे उदाहरण घेऊ. त्याचा मध्यव्यास १८ मि.मी. असतो. चढकोनाचे टॅन्जेन्ट ४ भागिले (३.१४ × १८), म्हणजे सुमारे ०.०७१, कोन सुमारे ४ अंश. पोलाद आणि ब्राँझ यांच्यातील घर्षणगुणांक ०.१५ धरला आणि आट्याच्या तिरक्या बाजूचा परिणाम मिळविला, तर घर्षणकोन ८.८ अंश येतो. चार अंशांचा उतार आणि पावणेनऊ अंशांचे घर्षण, म्हणून स्क्रू जागचा हलत नाही. याची किंमतही मोजावी लागते. या स्क्रूची कार्यक्षमता जेमतेम ३१ टक्के येते, म्हणजे हाताने दिलेल्या श्रमापैकी दोन तृतीयांशांहून अधिक श्रम घासण्यात जातात.

आता १६ मि.मी. व्यासाचा आणि ५ मि.मी. लीडचा बॉलस्क्रू घेऊ. हा आकार बाजारात सहज मिळतो. त्याचा चढकोन सुमारे साडेपाच अंश आहे, आणि गडगडण्याच्या घर्षणाचा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. मूठ लोण्यासारखी फिरते, आणि ढकलल्यावर स्लाइडही तितक्याच सहजतेने मूठ फिरवते.

प्रत्यक्ष कामात याचा परिणाम किती होईल? साध्या पोलादाच्या जॉबवर २ मि.मी. खोलीचा आणि दर फेऱ्यास ०.२ मि.मी. फीडचा काप घेतला, तर हत्यारावर खालच्या दिशेने ढोबळमानाने ९०० न्यूटन बल येते. त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३०० न्यूटन बल, हत्याराला जॉबपासून मागे, कारागिराच्या दिशेने ढकलते. स्लाइडच्या डव्हटेल खाचांतील घर्षण यास विरोध करते. स्लाइडचे वजन आणि खाली दाबणारे बल मिळून सुमारे ११०० न्यूटन धरले, तर ०.१५ घर्षणगुणांकाने १६५ न्यूटन विरोध मिळतो. उरलेले १३५ न्यूटन बॉलस्क्रूवर येते. त्यातून मुठीवर येणारा टॉर्क ०.१ न्यूटन-मीटरच्या जवळपास आहे, ६० मि.मी. त्रिज्येच्या चाकावर तो एका बोटाने सहज थोपविता येईल.

म्हणजे हत्यार एकाएकी मागे उसळेल असे नाही, आणि हेच या प्रश्नाचे फसवे स्वरूप आहे. हाताने मूठ धरली आहे तोवर सर्व ठीक दिसते. कारागीर कॅरेजचे फीड लावतो, क्रॉस स्लाइडच्या मुठीवरील हात काढतो, आणि यंत्राच्या कंपनांत स्लाइड केसाएवढी मागे सरकू लागते. कंपनांत डव्हटेलचे घर्षणही कमी होते, त्यामुळे वरचा १६५ न्यूटनचा आकडा भरवशाचा राहत नाही. स्लाइड ०.०२ मि.मी. मागे गेली की व्यास ०.०४ मि.मी. ने वाढतो. जॉबच्या एका टोकाला माप बरोबर येते, दुसऱ्या टोकाला जाड येते, आणि दोष टेलस्टॉकच्या माथी मारला जातो.

याहून विलक्षण गोष्ट मुठीच्या वजनाची आहे. चाकावरील उभ्या दांडीचे वजन १०० ग्रॅम आणि तिचे केंद्रापासूनचे अंतर ६० मि.मी. धरले, तर दांडी आडव्या स्थितीत असताना तिच्या वजनाने ०.०५९ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण होतो. समलंब स्क्रूमध्ये हा टॉर्क घर्षणातच विरतो. बॉलस्क्रूमध्ये त्याचे ६६ न्यूटन सरळ बल होते, म्हणजे जवळपास पावणेसात किलो वजनाइतका रेटा. जॉबला न टेकलेली, नीट वंगण घातलेली हलकी स्लाइड एवढ्या बलाने आपोआप चालू लागणे अशक्य नाही. म्हणून बॉलस्क्रूच्या चाकावर एकच दांडी न ठेवता तिच्या समोर तोलाचे वजन लावणे, किंवा दांडीविना गोल चाक ठेवणे, ही साधी पण आवश्यक बाब ठरते.

ब्रेक लावला तर :

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. मुठीच्या दांड्यावर घर्षणपट्टी बसवून कायमचा थोडा ताण ठेवायचा. ०.३ न्यूटन-मीटरचा ताण ठेवला तर वरील बॉलस्क्रू सुमारे ४२० न्यूटनपर्यंतचा रेटा थोपवून धरतो. नेहमीच्या कामास हे पुरेसे आहे.

मात्र येथे एक हिशेब मांडावा लागतो. ३०० न्यूटन विरोधाविरुद्ध स्लाइड पुढे नेण्यास जुन्या समलंब स्क्रूवर ०.६२ न्यूटन-मीटर टॉर्क लागत होता. बॉलस्क्रूवर ०.२७ लागतो, त्यात ब्रेकचे ०.३ मिळविले की बेरीज ०.५७ होते. म्हणजे पैसे खर्च करून जे घर्षण काढले, ते पुन्हा पैसे खर्च करून जवळजवळ तितकेच परत घातले. हलकेपणाचा लाभ यात बहुतांशी संपतो. जे उरते ते वेगळे आहे, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे : घर्षण आता मापाच्या आट्यावर नाही, बदलता येणाऱ्या स्वस्त पट्टीवर आहे, त्यामुळे आटा झिजत नाही आणि बॅकलॅश वर्षानुवर्षे वाढत नाही. सारा प्रश्न अखेर या एका लाभासाठी किती किंमत मोजावयाची यावर येऊन थांबतो.

बॅकलॅशचा खरा उपद्रव किती :

मुठीच्या सैलपणास बॅकलॅश म्हणतात. लीड ४ मि.मी. असताना चौथाई फेरा सैल असेल तर तो १ मि.मी. झाला. ऐकताना हा आकडा भयंकर वाटतो. परंतु लेथवरील साध्या कापात जॉब हत्याराला सतत एकाच दिशेने मागे ढकलतो. त्यामुळे नट आट्याच्या एकाच बाजूला दाबून राहतो आणि सैलपणा दुसऱ्या बाजूला निरुपद्रवी पडून असतो. हत्यार नेहमी पुढे नेतच मापावर आणायचे, चुकून जास्त गेले तर पुरते मागे घेऊन पुन्हा पुढे आणायचे, ही शिस्त प्रत्येक टर्नरला पहिल्या महिन्यातच शिकविली जाते. मिलिंग यंत्राचे तसे नाही. तेथे कटर टेबलाला आपल्याकडे ओढू शकतो आणि बॅकलॅश असल्यास टेबल झटका घेते. मिलिंगवरील अनुभव लेथवर जसाच्या तसा लावणे हे या विषयातील एक नेहमीचे वैचारिक घोटाळ्याचे ठिकाण आहे.

लेथवरही काही कामांत बॅकलॅश नडतो. जॉब तोडताना पार्टिंग हत्यार आत ओढले जाते. पितळेवर चुकीच्या कोनाचे हत्यार लावले तरी तसेच होते. आणि सीएनसीमध्ये तर तो मुळीच चालत नाही. गोलाई किंवा दोन्हीकडे उतरता आकार कापताना स्लाइडची दिशा कापाच्या मध्येच उलटते. कारागीर असता तर त्याने सैलपणा हाताने ओळखून घालविला असता. प्रोग्रामला स्क्रू किती फिरला एवढेच कळते. म्हणूनच संगणकाच्या यंत्रात बॉलस्क्रू अटळ आहे, आणि तेथे स्वयंरोधाची उणीवही भासत नाही, कारण सर्व्हो मोटर स्क्रूला सतत धरून ठेवते. मोटरचे हे धरून ठेवणे हाताच्या यंत्रात कोणाकडेच नसते.

सैलपणा कोठे आहे याची परीक्षा :

बॉलस्क्रूचा विचार करण्यापूर्वी जुन्या यंत्रातील सैलपणा नेमका कोठून येतो हे मोजले पाहिजे. यास दोन डायल इंडिकेटर पुरेसे आहेत. एक स्लाइडला टेकवावा, दुसरा स्क्रूच्या पुढच्या टोकाला अक्षाच्या दिशेने टेकवावा. मूठ धरून स्लाइड हाताने पुढे-मागे ओढावी. दुसरा इंडिकेटर हलला तर स्क्रू बेअरिंगमध्येच पुढे-मागे होत आहे, नटचा त्यात दोष नाही. मुठीमागील चेकनट आवळून किंवा थ्रस्ट वॉशर बदलून तेवढा भाग मिनिटांत निघतो. दुसरा स्थिर राहून पहिलाच हलला तर दोष नट आणि आटे यांच्यात आहे. स्लाइड आडवी डुलत असेल तर गिबची पट्टी सैल आहे. ही तिन्ही कारणे मुठीला एकच लक्षण देतात, आणि स्क्रू बदलल्याने त्यांतील फक्त एकच जाते.

पुढे तीच परीक्षा स्लाइडच्या प्रवासात तीन ठिकाणी करावी. जुना स्क्रू सर्वत्र सारखा झिजत नाही. बहुतेक जॉब ठरावीक व्यासाचे असल्याने मधला भाग अधिक झिजतो. अनेक लेथमध्ये नट दोन तुकड्यांचा असतो आणि मधला पाचरीचा स्क्रू आवळून सैलपणा काढता येतो; परंतु मध्यभागी आवळलेला नट टोकाला गेला की अडकतो. असे झाले तर नवीन समलंब स्क्रू आणि ब्राँझचा नट हा सरळ मार्ग. हे काम नाशिकमधील कोणत्याही बऱ्या यंत्रशाळेत होऊ शकते.

चकजवळची बेडची झीज बॉलस्क्रूने भरून येत नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. जुन्या लेथवरील जॉब निमुळता येण्याचे कारण अनेकदा ही झीजच असते.

बसवणीतील अडचणी :

एवढे करूनही बॉलस्क्रू बसवायचा ठरला, तर पहिली अडचण दिशेची येते. लेथची क्रॉस स्लाइड मूठ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविली की आत, जॉबकडे जाते. यासाठी मूळ स्क्रूचे आटे डावे असतात. बाजारात सहज मिळणारे बॉलस्क्रू उजव्या आट्यांचे असतात. डावे मागवावे लागतात आणि महाग पडतात. उजवा बसविला तर मुठीची दिशा उलटते. कागदावर ही किरकोळ बाब दिसते. परंतु हत्यार जॉबमध्ये रुतू लागले की टर्नरचा हात विचार करीत नाही, सवयीने मूठ मागे फिरवितो. उलट्या यंत्रावर त्या क्षणी हत्यार आणखी आत जाते. ज्या कार्यशाळेत इतर सर्व लेथ नेहमीच्या दिशेचे आहेत आणि विद्यार्थी दर आठवड्याला वेगळ्या यंत्रावर उभे राहतात, तेथे एकच उलटा लेथ ठेवणे हा उघड धोका आहे. प्रकल्पास मान्यता देताना हा एक मुद्दा सोडून चालणार नाही.

दुसरी अडचण स्वयंचलित आडव्या फीडची. पुष्कळ लेथमध्ये क्रॉस स्लाइडच्या स्क्रूवरच एक गिअर असतो आणि एप्रनमधील गिअर त्यास फिरवितो. नवीन स्क्रूवर हा गिअर बसविण्याची सोय करावी लागते, अन्यथा फेसिंगचे फीड गमावते. शिवाय लीड ४ ऐवजी ५ मि.मी. झाले की आडवे फीड सव्वापट होते आणि यंत्रावरील फीडचा तक्ता खोटा ठरतो. डायलही बदलावी लागते; ८० रेघांची जुनी डायल राहिली तर एक रेघ ०.०५ ऐवजी ०.०६२५ मि.मी. ची होते, आणि असा आकडा मनात घेऊन कोणी नीट काम करू शकत नाही.

जागेचाही प्रश्न असतो. बॉलस्क्रूचा नट जाड असतो, १६ मि.मी. स्क्रूचा नट २८ मि.मी. व्यासाचा आणि त्याची कडा त्याहून बरीच मोठी. क्रॉस स्लाइडखालील पोकळी एवढी क्वचितच असते. सॅडल कोरून जागा करताना ओतीव लोखंडाची भिंत पातळ होते. स्क्रूची टोके कातून बेअरिंगच्या मापात आणणे हेही वेगळे काम आहे, कारण पृष्ठभागाचे काठिण्य ५८ ते ६२ रॉकवेल असते आणि साधे हत्यार त्यावर चालत नाही. वरचा कठीण थर ग्राइंडरने काढला की आतील गाभा मऊ लागतो. या सर्व खटाटोपात नट स्क्रूवरून काढायचा झाल्यास तो नळीवर सरकवूनच काढावा. नुसता काढला तर छर्रे जमिनीवर विखुरतात आणि त्यांतील एखादा हमखास हरवतो.

अचूकतेविषयीही एक गैरसमज आहे. बॉलस्क्रू म्हणजे शून्य बॅकलॅश, असे नाही. स्वस्त, दाबून वळलेल्या स्क्रूच्या साध्या नटमध्येही काही शतांश मि.मी. सैलपणा असतो. तो घालविण्यासाठी किंचित मोठे छर्रे भरावे लागतात किंवा दोन नट परस्परांविरुद्ध ताणून बसवावे लागतात. शिवाय स्क्रूचे पुढचे टोक कोनीय स्पर्शाच्या बेअरिंगच्या जोडीत पकडले नाही, तर नटमधून काढलेला सैलपणा बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. लीडमधील चुकीची मर्यादा सी ७ प्रतीच्या स्क्रूत ३०० मि.मी. ला सुमारे ०.०५ मि.मी. आणि सी १० प्रतीत ०.२१ मि.मी. असते. सी १० प्रतीचा स्क्रू घेऊन सुस्थितीतील जुना स्क्रू काढून टाकणे म्हणजे पदरमोड करून अचूकता घालविणे होय.

टिकाऊपणाचा हिशेब तर मनोरंजक आहे. ८ किलोन्यूटन गतिक क्षमतेच्या स्क्रूवर १ किलोन्यूटन भार असेल तर नेहमीच्या सूत्राने त्याचे आयुष्य ८ च्या घनाइतके, म्हणजे ५१२ दशलक्ष फेरे येते. मिनिटाला २० फेरे, दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस मूठ फिरविली तरी सुमारे १७८ वर्षे लागतील. अर्थात हाताच्या लेथवर बॉलस्क्रू थकून मरत नाही. तो मरतो कीस आणि कूलंट आत गेल्याने. ओतीव लोखंडाची काळी भुकटी छर्ऱ्यांच्या खाचेत शिरली की काही महिन्यांत खडखड सुरू होते. ब्राँझचा नट अशी भुकटी पोटात घालून निमूट झिजत राहतो. बॉलस्क्रूला मात्र दोन्ही टोकांना वायपर आणि वर पत्र्याचे किंवा घडीचे आच्छादन लागते.

आटे पाडण्याच्या लीडस्क्रूबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तो हाफ नटवर चालतो. नट उघडला की कॅरेज मोकळी होते, मिटला की जोडली जाते. छर्ऱ्यांचा नट असा मधून उघडता येत नाही. म्हणून जोवर आटे हाफ नटने पाडायचे आहेत तोवर तेथे बॉलस्क्रूचा प्रश्नच उद्भवत नाही. सीएनसी रूपांतरात एप्रन आणि हाफ नट दोन्ही काढून टाकतात व स्पिंडलवरील एन्कोडर आट्यांचा मेळ राखतो. ते मग वेगळेच यंत्र होते, आणि तेथे बॉलस्क्रू ही योग्यच निवड आहे.

पर्यायी मार्ग :

यंत्र हाताचेच ठेवायचे असेल तर त्याच खर्चात डिजिटल रीडआउट बसविता येते. स्लाइडला जोडलेली काचेची किंवा चुंबकीय पट्टी स्लाइडची खरी जागा सांगते, ०.००५ मि.मी. पर्यंतचे वाचन सामान्यतः मिळते. स्क्रू किती फिरला याच्याशी तिचा संबंध नसल्याने बॅकलॅश वाचनात येतच नाही. समलंब स्क्रू आपला स्वयंरोध राखून राहतो, मुठीची दिशा बदलत नाही, फीडचा तक्ता खरा राहतो. सॅडल कोरावे लागत नाही हे वेगळेच.

जुन्या टर्नरांकडे याहूनही स्वस्त युक्ती आहे. वरची कम्पाउंड स्लाइड जॉबच्या अक्षाशी ५ अंश ४४ मिनिटांच्या कोनात लावायची. या कोनाचे साइन ०.१ असल्याने कम्पाउंड स्लाइड ०.१ मि.मी. पुढे नेली की हत्यार आडव्या दिशेने ०.०१ मि.मी. आत जाते. क्रॉस स्लाइड कुलूपस्क्रूने आवळून टाकायची आणि शेवटचे माप कम्पाउंडवर घ्यायचे. या एका मांडणीत त्रिकोणमितीचा जो धडा मिळतो तो फळ्यावर मिळत नाही, आणि कार्यशाळेच्या प्रात्यक्षिकांत तिला स्थान का असू नये, हा प्रश्न अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी विचारात घ्यावा असा आहे.

ज्या यंत्रशाळेत एक-दोन वर्षांत लेथवर सर्व्हो मोटर चढविण्याचे खरोखर ठरले आहे, तेथे आधी बॉलस्क्रू बसवून काही काळ हाताने चालविणे समजण्यासारखे आहे. अशा वेळी मुठीवरील ब्रेक, तोललेले चाक आणि स्लाइडचा कुलूपस्क्रू या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून असाव्यात. बसवणी पूर्ण झाल्यावर यंत्र जॉबशिवाय मधल्या वेगाने चालू करावे, स्लाइडला इंडिकेटर टेकवून शून्यावर आणावा, मुठीवरील हात काढावा आणि दहा मिनिटे नुसते काट्याकडे पाहत राहावे. काटा हलला तर ब्रेकची पट्टी आणखी आवळावी, आणि तो स्थिर होईपर्यंत चकमध्ये जॉब पकडू नये.